थंड लॅपटॉपला विश्रांती

सोलापुरात मे महिन्यात माझ्या दुकानाचा जिना चढून आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक आधी पंख्याखाली उभं राहतं, रुमालाने मान पुसतं, आणि मग तक्रार करतं की लॅपटॉप फार गरम होतो. मी म्हणते, बसा. उन्हात माणूस तापला तर त्याचं कुणाला काही वाटत नाही. मशीनने मात्र महाबळेश्वरात असल्यासारखं वागावं अशी अपेक्षा असते.

दुकान नवी पेठेत, पहिल्या मजल्यावर. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले, टीव्हीपासून सुरुवात केली, मग कॉम्प्युटर, मग लॅपटॉप. आता माझ्याकडे जास्त करून गेमिंग लॅपटॉप येतात आणि बहुतेक एकच दुखणं घेऊन येतात: ग्राफिक्स कार्ड तापतं. वडील पहिल्यांदा दुकान बघायला आले तेव्हा बराच वेळ माझ्या हाताकडे बघत बसले आणि म्हणाले, "एवढं शिकून शेवटी पंखेच पुसतेस की." ते काही अगदीच खोटं नव्हतं.

ज्यांचा या प्रकरणाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे लॅपटॉपच्या पोटात बसलेला चितारी. पडद्यावरचं चित्र तो काढतो. बँकेचं काम किंवा टायपिंग चालू असेल तर तो डुलक्या घेत असतो. गेम सुरू झाला की त्याला एका सेकंदात साठ-सत्तर, कधी शंभरावर चित्रं काढावी लागतात आणि त्या मेहनतीत तो सडकून तापतो. ही उष्णता तांब्याची चपटी नळी उचलते, कडेच्या बारीक पत्र्यांपर्यंत नेते आणि पंखा ती बाहेर फेकतो. चिप आणि तांबं यांच्यामध्ये एक करडी पेस्ट असते. ती वाळली की उष्णता पुढे सरकत नाही, पत्र्यांत धूळ बसली की बाहेर जात नाही. कार्ड नव्वद अंशांच्या घरात गेलं की मशीन आपणहून काम मंद करतं, आणि तरीही ताप उतरला नाही तर स्वतःला बंद करून घेतं. हे त्याचं शहाणपण. गिऱ्हाईक त्याला बिघाड म्हणतं.

पंख्यातली धूळ बघून मला गिऱ्हाईक कुठून आलं ते बऱ्याचदा कळतं. शहराच्या पूर्व भागातून आलेल्या मशीनमध्ये मागाचा कापूस असतो, पांढरा, गादीसारखा दाबून बसलेला. अकलूजकडच्या मशीनमध्ये गळीत हंगामातली काळी राख सापडते. दुधनीच्या एका अडत्याच्या लॅपटॉपमधून तुरीचा अख्खा दाणा निघाला होता. तो मी त्याला परत दिला.

लोकांचे घरगुती उपाय हा स्वतंत्र विषय आहे. एका इंजिनिअर गृहस्थांनी लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवला होता, दह्याच्या पातेल्याशेजारी. बाहेर काढल्यावर आत दव सुटलं आणि बोर्डावर पाणी आलं. त्यांना मी कारण समजावून सांगितलं तर म्हणाले, तत्त्व बरोबर होतं. एका कॉलेजच्या मुलीने पाण्याच्या कूलरसमोर स्टूल मांडून त्यावर लॅपटॉप ठेवला होता. वारा गार होता हे खरं, पण तो ओला होता. तिचा कीबोर्ड आतून गंजला. थंड करणं आणि भिजवणं यातला फरक मी गेली कित्येक वर्षं सांगत आले आहे.

पण मला सांगायचं आहे ते वळसंगच्या मल्लिनाथमामांविषयी.

ते आले तेव्हा त्यांनी लॅपटॉप ओल्या टॉवेलात गुंडाळून आणला होता. बाळंतिणीने बाळ आणावं तसा छातीशी धरलेला. डावा पाय ओढत ते जिना चढले, मागून त्यांची बायको महादेवीमामी एका हाताने त्यांची कोपर धरून. पंख्याखाली ते उभे राहिले नाहीत. टॉवेल सोडला, मशीन माझ्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, "सपाटीला चांगलं चालतंय. घाट लागला की दम सोडतंय."

मामा सरकारी बसचे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी लाल गाडीवर झाली. निवृत्तीला थोडा काळ उरला असताना अर्धांगाचा हलका झटका आला आणि डाव्या पायातलं बळ गेलं. "क्लचचा पाय गेला," असं ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात माणसाला दोन पाय असतात, एक क्लचचा आणि एक ब्रेकचा. गाडी चालवणं सुटलं. त्यांचा मुलगा सिद्धाराम पुण्यात कंपनीत होता. कॉलेजात असताना हट्टाने घेतलेला गेमिंग लॅपटॉप त्याने घरी ठेवला होता. सुट्टीत आला तेव्हा वडील दिवसभर भिंतीकडे बघत बसतात हे पाहून त्याने त्यांना एक गेम लावून दिला. त्यात बस चालवायची असते. रस्ते, वळणं, घाट, थांबे, सगळं असतं. मामांना तो गेम अशासाठी आवडला की त्यात क्लच नसतो.

मशीन उघडलं तर आत मला अनोळखी काहीतरी दिसलं. पत्र्यांमध्ये तपकिरी तंतू आणि माती यांचा लेप बसला होता, भिंतीला गिलावा करावा तसा. मी विचारलं तेव्हा मामींनी मामांकडे पाहिलं आणि मामांनी खुलासा केला. इंजिन तापलं तर आम्ही काय करायचो, ओलं गोणपाट टाकायचो. तसं त्यांनी लॅपटॉपखाली रोज गोणपाटाची ओली घडी घातली होती. लॅपटॉप हवा खालून आत ओढतो. म्हणजे त्याच्या नाकावरच ओलं पोतं दाबलं होतं. तरीही ते मशीन इतके दिवस चाललं याबद्दल बनवणाऱ्यांना दाद द्यायला हवी.

हे मी त्यांना शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की गोणपाट अगदी चांगलं होतं, खताचं नव्हतं.

त्या मशीनवर मी मन लावून काम केलं. लेप ब्रशने सुटेना, पत्रे एकेक करून साफ करावे लागले. पंखा बदलला. जुनी पेस्ट खरवडून नवी लावली. मग आतल्या सेटिंगला हात घातला. चितारी गरज नसताना सेकंदाला शंभरावर चित्रं काढत बसला होता. त्याला साठावर थांबवलं. माणसाच्या डोळ्याला घाटात त्याहून जास्त लागत नाहीत. चिपला मिळणारा विजेचा दाब जरासा उतरवला, म्हणजे काम तेवढंच आणि ताप कमी. मागच्या बाजूला रबराचे दोन उंच पाय चिकटवले. मग गेम लावला आणि मामांना दुकानातच गाडी चालवायला बसवलं. बाहेर मे महिना. आधी नव्वदी ओलांडणारं कार्ड सत्तरीपाशी येऊन थांबलं आणि तिथून हललं नाही.

मामा घाट चढून गेले. वर पोचल्यावर त्यांनी कीबोर्डाच्या वरच्या पट्टीवर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मला पुष्कळ गिऱ्हाइकांनी छान छान बोलून दाखवलं आहे. त्या मान हलवण्याचं मोल मला वेगळं वाटलं. या धंद्यात आपण केलेलं काम कुणाला दिसत नाही. चांगलं झालं तर काहीच होत नाही, हीच त्याची खूण.

जून सरता सरता मामी एकट्या आल्या. औषधं घ्यायला सोलापूरला आल्या होत्या. चहा घेतला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "तुमी लई चांगलं केलात, म्हणून आली."

मला वाटलं, शेजारच्या कुणाचा लॅपटॉप आणला असेल.

तसं नव्हतं. पूर्वी मशीन दिवसातून चार-पाच वेळा तापून बंद पडायचं. बंद पडलं की मामा त्याला कन्नडमधून शिव्या घालायचे, चिडून उठायचे, अंगणात जायचे, गोठ्यापर्यंत चक्कर मारायचे, गोणपाट भिजवून आणायचे. तेवढं चालणं व्हायचं. आता मशीन बंद पडतच नव्हतं. सकाळी चहा घेऊन बसले की जेवायला उठायचे, तेही हाक मारल्यावर. पायावर सूज आली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की पाय असाच ठेवलात तर आखडेल आणि मग काठीनेही चालता येणार नाही. सकाळ-संध्याकाळ चालायला सांगितलं होतं. मामा ऐकत नव्हते. कारण मामींना ठाऊक होतं. ज्या गावात माणूस गाडी घेऊन धुरळा उडवत यायचा, त्या गावात त्याला पाय ओढत जायचं नव्हतं.

"परत तापंल असं करून द्या," मामी म्हणाल्या.

इतक्या वर्षांत मला ही मागणी कुणी केली नव्हती. मी त्यांना समजावलं. तापू दिलं तर कार्ड जळेल, ते काही पुन्हा दुरुस्त होत नाही, मग गाडीही जाईल आणि चालणंही. ठरावीक वेळाने मशीन आपोआप बंद होईल अशी सोय करता येते, तीही सांगितली. मामी म्हणाल्या, ते सिद्धूला फोन करतील, तो तिकडून काढून टाकील, आणि मी हे करायला लावलं असं कळलं तर घरात बोलणं बंद होईल. डॉक्टरांचं ऐकत नाहीत, मुलाचं ऐकत नाहीत, माझं तर लग्न झाल्यापासून ऐकलं नाही.

मी विचारलं, मग ऐकतात कुणाचं?

मामी म्हणाल्या, गाडीचं.

त्यांनी सांगितलं की मामांनी नोकरीत कधी तापलेलं इंजिन पुढे रेटलं नाही. वरून साहेबाचा निरोप येवो, प्रवासी ओरडोत, काटा वर गेला की गाडी झाडाखाली. एकदा सगळं वऱ्हाड गाडीत होतं आणि मुहूर्त टळत होता, तरी इंजिन निवल्याशिवाय ते हलले नव्हते. नवरदेवाच्या बापाने मारायला हात उचलला होता.

पुढच्या आठवड्यात मामी मामांना "सर्व्हिसिंगला" म्हणून घेऊन आल्या. मी मशीन उघडलं, आत बघितलं, बघण्यासारखं काही नव्हतं, बंद केलं. मग मामांना सांगितलं की काम उत्तम झालं आहे, पण या मशीनला विश्रांती लागते. तासभर चाललं की बंद करायचं, मागची बाजू उचलून सावलीत ठेवायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही.

हे बोलताना मला काय वाटलं ते सांगते. ते मशीन दिवसभर काय, रात्रभर चाललं असतं. माझ्या हातून झालेल्या उत्तम कामांपैकी ते एक होतं आणि मी माझ्या तोंडाने त्याची बदनामी करत होते. एखाद्या सुगरणीने पाहुण्यांना सांगावं, जपून खा, पोट बिघडेल.

मामांनी विचारलं, त्या अर्ध्या तासात शेजारी बसलं तर चालेल का. मी म्हटलं, नको, माणसाच्या अंगाची उष्णता लागते, थोडं लांबच जायला हवं. या वाक्याला कुठल्याही शास्त्रात आधार नाही. मामांनी गंभीरपणे मान डोलावली. "इंजिनापाशी गर्दी नको. व्हय," म्हणाले.

पुढचं मला मामींच्या फोनवरून कळत गेलं. मामांनी ते शब्दशः पाळलं. तास झाला की मशीन बंद, मागून उचलून खिडकीपासून लांब, आणि स्वतः घराबाहेर. पहिल्यांदा अंगण. मग अंगणही मशीनला जवळ पडेल असं त्यांना वाटलं, म्हणून गल्लीच्या तोंडापर्यंत. मग देवळापर्यंत. लोक बघायचे. कुणी विचारलं तर मामा सांगायचे की फिरायला आलो नाही, गाडी निवत ठेवली आहे. श्रावणात ते स्टँडपर्यंत जायला लागले. सुरुवातीला स्टँडच्या मागच्या भिंतीपाशी उभे राहायचे, येणाऱ्या गाड्या आवाजावरून ओळखायचे. एक दिवस अक्कलकोटच्या गाडीवरच्या ड्रायव्हरने त्यांना पाहिलं. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला होता. गाडी तशीच उभी करून तो खाली उतरला आणि पाया पडला.  

सूज उतरली. काठी आली, पण पाय आखडला नाही.

दिवाळीला सिद्धाराम पुण्याहून आला. वडिलांना तासाला मशीन बंद करताना पाहून त्याने कारण विचारलं, कारण ऐकून तो हसला आणि त्याने मशीनमध्ये तापमान दाखवणारं मीटर बसवलं. दोन तास गेम चालवला. आकडा बहात्तर. वडिलांना म्हणाला, या मशीनला विश्रांतीची काही गरज नाही, त्या बाईंना काम तरी येत नाही किंवा त्या काहीही ठोकून देतात. मामांनी त्याला सुनावलं की मीटर काय, काटा चिकटलेल्या गाड्या पुष्कळ बघितल्या आहेत. घरात दोन दिवस तोच वाद. शेवटी निकाल लावायला तिघं माझ्या दुकानात आले.

सिद्धाराम मर्यादेने बोलला. लॅपटॉप सुरू केला, गेम लावला, आकडा माझ्याकडे वळवून दाखवला. म्हणाला, "मॅडम, हे ठीक आहे की नाही एवढंच सांगा."

ठीक? सोलापुरात, गोणपाट खाल्लेल्या मशीनवर, बहात्तर. तो आकडा मला चौकटीत लावून दुकानात टांगावासा वाटत होता. मामा माझ्याकडे बघत होते. माझ्या शब्दासाठी ते पोटच्या मुलाशी दोन दिवस भांडले होते. मुलाची बाजू घ्यावी तर मामा हरत होते, मामांची घ्यावी तर माझं काम. मी काहीतरी गोलमोल बोलायला तोंड उघडलं, हवामान वगैरे, तेवढ्यात मामी म्हणाल्या की तिला कशाला विचारता, मीच तिला तसं सांगायला लावलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सूज, डॉक्टर, आखडणारा पाय, वऱ्हाडाची गाडी. सांगताना त्या मामांकडे बघत नव्हत्या, टेबलावरच्या स्क्रूच्या डबीकडे बघत होत्या. सिद्धारामने गेम बंद केला. पंख्याचा आवाज थांबला आणि खालच्या रस्त्यावरचे रिक्षावाले ऐकू यायला लागले.

मामांनी मला विचारलं, "म्हणजे मशीन गारच हुतं?"

"गारच होतं, मामा."

ते मग बायकोकडे वळून म्हणाले, "मग इतकं दिवस मी कुणाला निववीत हुतो?"

"मला," मामी म्हणाल्या.

मामा उठले. काठी घेतली आणि कुणाची कोपर न धरता जिना उतरायला लागले. सिद्धाराम मागे धावला. मामी मात्र बसून राहिल्या. मी म्हटलं, रागावले वाटतं. त्या म्हणाल्या, रागावले की ते शिव्या घालतात, गप्प बसले म्हणजे हिशोब जुळवतायत. उरलेला चहा त्यांनी शांतपणे संपवला, मग लॅपटॉप पिशवीत घालून खाली गेल्या.

दिवाळीनंतर त्यांचा एकदा फोन आला. मामा आता सलग दोन-दोन तास गाडी चालवतात, मशीनला विश्रांती वगैरे काही देत नाहीत.  पण रोज संध्याकाळी साडेपाचला जागेवरून उठतात, मशीन बंद करतात आणि चप्पल घालतात. मामींनी विचारलं होतं, आता कशाला बंद करता, ते तर गारच आहे. मामा म्हणाले, अक्कलकोटची गाडी यायची वेळ झाली.

सिद्धारामने पुण्याला परत गेल्यावर माझ्या दुकानाबद्दल इंटरनेटवर अभिप्राय लिहिला. पाचपैकी तीन तारे दिले. खाली लिहिलं, काम अप्रतिम आहे, पण बाई सांगतील त्यावर विश्वास ठेवू नका. नवीन गिऱ्हाइकं तो वाचून येतात आणि माझ्यासमोर मीटर लावून बसतात. त्यावर उत्तर लिहायची सोय असते. दोन-तीनदा लिहायला बसले, पण त्या पोराने खोडून काढण्यासारखं काही लिहिलेलंच नाही.